कंपनीतून आली तशीच जिम्नी सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांवर न्यावी का?

तुम्ही विचारलंय की पुण्यात राहता, पाच दारांची, हाताने गिअर बदलायची मारुतीची जिम्नी (चारही चाकांना ताकद देता येणारी छोटी एसयूव्ही) नुकतीच घेतली आहे, आणि ओळखीचे सगळे सांगतायत की लिफ्ट किट (गाडी उंच करणारे सुटे भाग), मोठे टायर आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारं मोटरचं दोरखंड-यंत्र) लावल्याशिवाय मुळशी-वेल्ह्याकडच्या वाटांवर जाऊ नकोस. त्यांचं ऐकावं का?

ऐकू नका. निदान पहिला अख्खा पावसाळा गाडी आहे तशीच चालवा. माझ्याकडेही हीच गाडी आहे, टायरही कंपनीचेच. ती अडते तेव्हा बहुतेक वेळा कारण गाडीत नसतं. टायरमधली हवा, निवडलेली वाट किंवा एक्सलरेटरवरचा पाय, यातलं काहीतरी चुकलेलं असतं. शिवाय कायद्याचा भाग आहेच. कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत बदल करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 च्या जानेवारीत स्पष्ट केलंय. अपघातानंतर विम्याचा दावा करताना हे आडवं येऊ शकतं.

जे खरोखर लागतं ते तुम्ही विकत घेतलेलंच आहे. लॅडर फ्रेम (शिडीसारखा मजबूत सांगाडा), पुढेमागे दोन्हीकडे सलग अ‍ॅक्सल (दोन चाकांना जोडणारा अखंड दांडा), 210 मिमी ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून पोटाची उंची) आणि मुख्य म्हणजे फोर-लोचा वेगळा गिअर, म्हणजे चारही चाकांना ताकद देऊन गाडी अगदी सावकाश पण जोरात चालवणारा. तोंड आणि शेपूट तर फार चांगलं आहे, पुढचा कोन, म्हणजे नाक न टेकता जेवढा चढ घेता येतो तो, 36 अंश आणि मागचा 50. कमकुवत जागा म्हणजे पोट. तीन दारांच्या जिम्नीपेक्षा आपला व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) 34 सेंटिमीटरने जास्त, त्यामुळे मधला कोन, म्हणजे पोट न टेकता उंचवटा ओलांडण्याचा, 24 अंशांवर आलाय. म्हणून शेताचा उंच बांध किंवा रस्त्यावर टाकलेला मुरमाचा ढीग सरळ ओलांडायला जाल तर गाडी मध्येच टेकते. असा उंचवटा थोडा तिरका घ्या, एकेक चाक चढू द्या.

पण तिरकं घेतलं की दुसरी अडचण उभी राहते, आणि नवीन माणूस सगळ्यात जास्त तिथेच गांगरतो. ट्रॅक्टरने पाडलेली खोल चाकोरी आडवी पार करताय असं धरा. पुढचं डावं चाक खड्ड्यात लटकलं, मागचं उजवंही हलकं झालं. डिफरन्शियलला (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरला) लॉक नाही, त्यामुळे ताकद जाते ती हवेतल्या चाकाकडे. ते गरगर फिरतं, गाडी जागची हलत नाही. इथे गाडी स्वतःच त्या फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावते, म्हणजे जोर पलीकडच्या टेकलेल्या चाकाकडे वळतो. हे चालू असताना खालून करकर असा आवाज येतो, ब्रेक पेडलजवळ थरथर जाणवते. तो आवाज ऐकून बहुतेक जण काहीतरी मोडलं असं समजून पाय काढतात. पाय काढला की चाक थांबतं आणि मदतही थांबते. फोर-लो, पहिला गिअर, क्लच पूर्ण सोडलेला आणि साधारण 2000 आरपीएमवर पाय स्थिर, असं दोन-तीन सेकंद धरा. गाडी आधी किंचित डुलते, मग टेकलेलं चाक पकडतं आणि ती सावकाश पुढे सरकते. नाहीच सरकली तर रेस वाढवू नका. फूटभर मागे घ्या, खड्ड्यात एखादा सपाट दगड टाका, पुन्हा या.

हवेबद्दल सांगायलाच हवं, कारण फुकटात मिळणारी याहून मोठी सुधारणा नाही. कच्च्या वाटेच्या तोंडाशी थांबा आणि चारही टायरमधली हवा 18 पीएसआयपर्यंत (हवेच्या दाबाचं माप) उतरवा. टायर जमिनीवर लांबट पसरतो, दगडाला धरतो, आदळआपटही कमी होते. 15 च्या खाली जाऊ नका, वळताना टायर रिमवरून सुटण्याची भीती असते. डांबरावर परतायच्या आधी दारातल्या स्टिकरवरचा आकडा पुन्हा भरायचा, म्हणून 12 व्होल्टचा पंप गाडीत हवाच. मात्र काळ्या मातीपुढे हवेचंही फारसं चालत नाही. ती कंपनीच्या टायरच्या खाचांत भरून बसते आणि टायर गुळगुळीत होतो. घाटमाथ्यावरच्या मुरमाड वाटांवर शिका, पावसानंतरची काळी रानं सोडून द्या.

फोर-लो टाकताना गाडी पूर्ण थांबलेली आणि मुख्य गिअर न्यूट्रलमध्ये हवा. कोरड्या डांबरावर 2H च (फक्त मागच्या चाकांना ताकद) ठेवा, कारण या गाडीला पुढच्या-मागच्या चाकांमधला डिफरन्शियल नाही आणि वळताना सगळा ताण गिअर आणि शाफ्टवर येतो. उताराला फोर-लोमध्ये पहिला गिअर, क्लचवर पाय अजिबात नको, इंजिनलाच गाडी धरू द्या. चढ अर्ध्यात सुटला तर तिथे गाडी वळवायला जाऊ नका, आडवी झालेली गाडी उलटू शकते. ब्रेक दाबा, रिव्हर्स टाका आणि आलात तशा सरळ रेषेत खाली उतरा.

ओढा आधी चालत पार करायचा. पाणी गुडघ्याच्या बरंच खाली असेल, तळ कडक असेल आणि ओढ जाणवत नसेल, तरच गाडी घाला. गढूळ, वाहतं पाणी असेल तर परत फिरा. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा चावी मारू नका. आत पाणी गेलेलं असेल तर इंजिनातला कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकू शकतो.

पैसे खर्च करायचेच तर चांगला ओढायचा दोर, दोन शॅकल (दोर अडकवायच्या पोलादी कड्या) आणि फावडं घ्या. दोर नेहमी गाडीच्या माहितीपुस्तिकेत दाखवलेल्या हुकलाच लावा. ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्याला कधीही नाही, तो तुटला तर गोळीसारखा सुटतो आणि माणूस जातो. ओढताना बाकी सगळ्यांना लांब उभं करा. आणि एकटे जाऊ नका. दुसरी गाडी सोबत असेल तर विंचची गरज क्वचितच पडते.

एक गोष्ट मनापासून सांगतो. गाडी जाऊ शकते म्हणून सगळीकडे नेऊ नका. वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय गाडी घालणं गुन्हा आहे. सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवर, कातळावरची माती जेमतेम काही इंच असते, पावसाळ्यात फुलणारं सगळं तेवढ्यावर जगतं, आणि तिथे चाकाने पाडलेला व्रण वर्षानुवर्षं दिसत राहतो. कोकणातल्या किनाऱ्यावर गाडी पळवण्याचे व्हिडिओ पाहून तर अजिबात जाऊ नका. वेळास, आंजर्ले इथे कासवं वाळूत अंडी घालतात. गावातली वाट असेल तर ज्याच्या रानातून जाते त्याला विचारून जा, भातखाचराच्या बांधावर चाक चढवू नका. लोक बहुतेक वेळा हो म्हणतात आणि पुढे वाट कुठे खचली आहे तेही सांगतात.

घरी आल्यावर खालून पाण्याचा फवारा मारून घ्या. परतताना 70-80 च्या वेगाला स्टिअरिंग थरथरायला लागलं तर घाबरून गॅरेज गाठू नका, आधी रिमच्या आतल्या बाजूला सुकलेला चिखल काढा. बहुतेक वेळा तेवढंच असतं.