कॅलिब्रेशन जुळतंय, पण एक पूर जुळत नाही: पॅरामीटरला हात लावण्याआधी हे वाचा

तुमची पोस्ट वाचली आणि माझीच जुनी वही उघडल्यासारखं झालं. नदीच्या मॉडेलचं तीन पुरांवर कॅलिब्रेशन केलंत (म्हणजे उत्तर मोजलेल्या आकड्यांशी जुळेपर्यंत पॅरामीटर हलवलेत), नॅश-सटक्लिफ (जुळणीचं माप, १ म्हणजे तंतोतंत) ०.९ च्या वर गेलं, पण चौथा पूर घातला की मॉडेल भरकटतं. गाइड म्हणतात पॅरामीटर अजून थोडे हलवा. हलवू का, असं तुम्ही विचारलंय. हलवू नका. निदान हा चौथा पूर का जुळत नाही हे कळेपर्यंत तरी नाही.

मेश (गणितासाठी नदीचे पाडलेले तुकडे) बारीक केल्यावर उत्तर बदलतं का, टाइमस्टेप (गणिताच्या दोन टप्प्यांतला वेळ) निम्मा केल्यावर काय होतं, हे तुम्ही पाहिलंच असेल. त्यात शिरत नाही.

मी पूररेषेसाठी नदीचं एकमितीय मॉडेल करत होतो. मॉडेलमधली पाण्याची पातळी मोजलेल्या पातळीपेक्षा सगळीकडे साधारण ६० सेंटिमीटर खाली येत होती. मी मॅनिंगचा एन, म्हणजे पात्राच्या खडबडीतपणाचा आकडा, ०.०३५ वरून ०.०५५ वर नेला आणि आलेख एकमेकांवर चपखल बसले. ०.०५५ हा आकडा नैसर्गिक नदीसाठी तक्त्यात बसतो, म्हणून कुणालाच खटकला नाही. दोन गोष्टी मात्र खटकायला हव्या होत्या. एक, पुराचं शिखर मॉडेलमध्ये सुमारे अडीच तास उशिरा येऊ लागलं. दोन, आधीच्या काळातला एक पूर अजिबात जुळेना. उशिराचं खापर मी वरच्या केंद्राच्या घड्याळावर फोडलं. आणि तो न जुळणारा पूर "शंकास्पद नोंदी" असा शेरा मारून वगळला.

माझी सगळ्यात महागात पडलेली चूक हीच. एन वाढवण्यापेक्षाही तो पूर वगळणं. माझ्याकडचा एकमेव निर्मळ साक्षीदार तोच होता.

झालं होतं असं, की त्या वगळलेल्या पुरानंतरच्या एका पुरात पाणी मोजायची पट्टी वाहून गेली होती आणि नवी पट्टी ६० सेंटिमीटर खाली बसवली होती. त्यामुळे नंतरचं प्रत्येक वाचन ६० सेंटिमीटरने जास्त. पण ज्या कार्यालयाकडून मी डेटा घेतला, त्यांच्या तक्त्यात पट्टीच्या शून्याची उंची जुनीच छापलेली, म्हणून मोजलेली पातळीच ६० सेंटिमीटर वर दिसत होती. मी तीन पत्रं लिहिली. पट्टी कधी बदलली, शून्य कधी तपासला, एवढंच विचारलं होतं. दोनदा उत्तर नाही, तिसऱ्यांदा "सदर माहिती उपलब्ध नाही". माहिती उपलब्ध होती! केंद्रावर रोज वाचन घेणाऱ्या निरीक्षकाच्या नोंदवहीत समासात पेन्सिलीने लिहिलेली होती. त्यांना जाऊन भेटलो तेव्हा पाच मिनिटांत सगळा उलगडा झाला. पण तोवर अहवाल गेला होता, आणि परीक्षणात कुणीतरी भिंतीवरच्या जुन्या पूरखुणा दाखवून आमची रेषा खोडून काढली होती. चौदा महिन्यांचं काम पुन्हा करावं लागलं. याचा राग अजून गेलेला नाही. माणूस डेटा देतो तेव्हा त्याचा इतिहासही द्यायला हवा, नाहीतर तो डेटा देणं नव्हे.

आता यात ६० सेंटिमीटरचं एवढं काय, असं वाटेल. रुंद पात्रात तेवढ्याच विसर्गाला खोली साधारण एनच्या ०.६ व्या घाताने वाढते. ०.०३५ चे ०.०५५ केले की खोली ३१ टक्क्यांनी वाढते. कॅलिब्रेशनचे पूर दोनेक मीटर खोलीचे होते, तिथे ही वाढ ६० सेंटिमीटरच दिसते. पण पूररेषेचा मोठा पूर सहा मीटरचा. तिथे तीच वाढ १.८ मीटरच्या वर जाते. म्हणजे डेटातली चूक स्थिर होती, मी ती पॅरामीटरमध्ये कोंबली आणि तिला वाढायला जागा करून दिली. शिखर उशिरा येण्याचं कारणही हेच: खोली वाढली की तेवढ्याच विसर्गाचा वेग उतरतो.

तेव्हा आज एवढं करा. प्रत्यक्ष मोजलेला विसर्ग आणि त्या वेळची पातळी यांचे ठिपके एका आलेखावर मांडा, वर्षांनुसार रंग वेगळे. ठिपके दोन समांतर रेषांत फुटले आणि अंतर वरपासून खालपर्यंत सारखं राहिलं, तर शून्य हलल्याचा संशय धरा. अंतर कमी पाण्याला जास्त आणि पुरात जवळजवळ नाहीसं होत असेल, तर तळ खचला किंवा भरला असण्याची शक्यता मोठी. हा काही कायदा नाही, पण मला बहुतेक वेळा उपयोगी पडलाय.

गाइडना पटवायचं असेल तर ब्रिटिश शास्त्रज्ञ लुईस फ्राय रिचर्डसनचं उदाहरण द्या. २० मे १९१० च्या हवामानाचं गणित त्याने हाताने केलं आणि १९२२ मध्ये ते छापलं. सहा तासांत वायुदाब १४५ हेक्टोपास्कलने बदलेल असं उत्तर आलं, जे अशक्य होतं. पद्धत मूलतः ठीक होती. सुरुवातीच्या निरीक्षणांतला वायुदाब आणि वारा यांच्यातला असमतोल तसाच आत गेला होता. हवामानशास्त्रज्ञ पीटर लिंच यांनी पुढे तीच निरीक्षणं आधी संतुलित करून गणित केलं, तर बदल पटण्याजोगा आला. समीकरणाला दोष देण्याआधी आत काय घातलं ते बघायचं, हे तिथून उघड दिसतं.

जाता जाता: मॉडेलच्या प्रत्येक रनसोबत इनपुट फाइल, आवृत्ती आणि "काय बदललं, का बदललं" ही एक ओळ जपून ठेवा. मला ०.०५५ कुठून आला हे शोधायला माझ्या स्वतःच्या फाइलींत दोन दिवस गेले.

धोरणवाले पूरपातळीचा एकच आकडा मागताहेत, असंही तुम्ही लिहिलंय. माझं मत ठाम आहे: देऊ नका. एन ०.०३० ते ०.०४५ मध्ये फिरवून जेवढा पट्टा येतो तो द्या. नकाशावर एक रेषा हवीच असेल तर ती कुठल्या टोकाची हे ती रेषा मागणाऱ्याने ठरवावं आणि सही करावी. हा निर्णय मॉडेल करणाऱ्याच्या गळ्यात पडता कामा नये.

हे सगळं नदीच्या कामातलं. साथीच्या किंवा वाहतुकीच्या मॉडेलमध्ये पट्टीचा शून्य नसतो, पण मोजण्याची व्याख्या मधेच बदललेली असू शकते. तिथले जाणकार जास्त सांगतील. तुमचा तो ठिपक्यांचा आलेख इथे टाका, आणि चौथ्या पुराची फाइल पुसू नका.