उद्योजकांचे प्रश्न : माणसे पारखताना आणि टिकवताना

प्रश्न : नाशिकच्या सातपूरला आमचे सीएनसी टर्निंगचे (संगणकाच्या आज्ञेवर धातू कातण्याचे) युनिट आहे, चौदा माणसे. आयटीआय झालेली, तीन-चार वर्षांचा अनुभव सांगणारी मुले मुलाखतीत फाडफाड बोलतात आणि मशीनवर उभी केली की पहिल्याच पाळीत माल रिजेक्ट करून ठेवतात. आधीच कसे ओळखायचे?

उत्तर : मुलाखत दहा मिनिटांत आटपा आणि दीड तास हाताला काम देऊन बघा. ऑपरेटरची भरती खुर्चीत बसून होत नाही.

चाचणीसाठी तुमच्याच भंगाराच्या पेटीतून एकाच जॉबचे पाच नग काढा. समजा ड्रॉइंगवर बाहेरचा व्यास २५ मिमी आहे, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) अधिक शून्य, उणे ०.०२, म्हणजे २४.९८ ते २५.०० चालेल. पाचांत दोन बरोबर असावेत, दोन २५.०३ च्या आसपास आणि एक २४.९६ चा. मापे तुम्ही आधी घेऊन कागदावर लिहून ठेवा. टेबलावर व्हर्निअर आणि त्याहून बारीक मोजणारा मायक्रोमीटर दोन्ही ठेवा आणि काही न सुचवता मुलाकडे ड्रॉइंग द्या.

आता फक्त बघा. ज्याने व्हर्निअर उचलला त्याला टॉलरन्स वाचताच आलेला नाही. ०.०२ लघुतम माप असलेल्या व्हर्निअरने ०.०२ ची मर्यादा कशी तपासणार? मायक्रोमीटर उचलणाऱ्याने आधी शून्य जुळवून पाहिले का, जॉब पुसला का, रॅचेट (ठरावीक दाबाला घसरणारी टोकाची फिरकी) वापरला की थिंबल (फिरवायची नळी) पिळला, हे टिपून ठेवा. मग विचारा, यातले कोणते नग वाचतील? बाहेरचा व्यास मोठा राहिला तर पुन्हा कट घेऊन वाचतो, लहान झाला तर भंगार. बोअरचे (आतल्या भोकाचे) नेमके उलटे. हे न अडखळता सांगणारा मुलगा निम्मी परीक्षा पास झाला.

उरलेली निम्मी ऑफसेटची, म्हणजे टूल झिजले की मशीनला द्यायच्या दुरुस्तीची. व्यास २५.०० हवा, मापला तर २५.०३ भरला, वेअर ऑफसेटमध्ये किती टाकशील? डायामीटर प्रोग्रॅमिंगच्या (थेट व्यासाचा आकडा घेणाऱ्या) मशीनवर उत्तर उणे ०.०३. ‘निम्मे, म्हणजे ०.०१५’ असे बरेच जण सांगतात. मशीन त्यांनी चालवलेले असते, पण सेटिंग दुसऱ्याने करून दिलेले असते. असा मुलगा वाईट नाही, त्याला ऑपरेटर म्हणून घ्या. फक्त सेटरचा पगार देऊ नका. आणखी एक विचारता येईल : मशीनमधून नुकताच काढलेला गरम जॉब लगेच मापशील का? २५ मिमीचे पोलाद ३० अंशांनी तापले की जवळजवळ ०.०१ मिमी फुगते, म्हणजे तुमचा अर्धा टॉलरन्स तिथेच गेला.

गुण देणारी माणसे दोन असावीत, तुम्ही आणि सुपरवायझर. दोघांनी वेगवेगळ्या कागदावर, आपसात बोलण्याआधी लिहायचे. नाहीतर मालकाच्या चेहऱ्याकडे बघून सुपरवायझर गुण देतो आणि सुपरवायझरचा भाचा असेल तर मालक संकोचतो. प्रत्येक उमेदवाराला तेच नग, तेच प्रश्न. जुन्या ठिकाणी फोन कराच, पण ‘कसा आहे?’ विचारलेत तर ‘चांगला आहे’ हेच ऐकू येईल. ‘पुन्हा घ्याल का?’ असे विचारा आणि पलीकडचा किती वेळ थांबतो ते ऐका.

एक पथ्य पाळा. चाचणीच्या नावाखाली दिवसभर उत्पादन काढून घ्यायचे आणि संध्याकाळी ‘कळवतो’ म्हणायचे, हे औद्योगिक वसाहतीत आठवडाभरात पसरते. पूर्ण दिवस थांबवलेत तर दिवसाची मजुरी द्या.

प्रश्न : कोल्हापुरात आमचे कापडाचे दुकान आहे, बावीस कामगार. नवी मुले पहिला पगार घेतात आणि यायची बंद होतात. आजच्या मुलांना कष्टच नकोत का?

उत्तर : महिनाभर कष्ट करून मग पगाराच्या दिवशी गेली, म्हणजे कष्टाला कंटाळली नव्हती. कारण पगाराच्या पाकिटात शोधा.

तुम्ही भरतीच्या वेळी ‘पंधरा हजार’ सांगता. समजा सगळी रक्कम मूळ पगार आणि महागाई भत्ता आहे. तुमच्याकडे वीसपेक्षा जास्त माणसे असल्याने भविष्यनिर्वाह निधी लागू आहे : १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये. ईएसआय (कामगार राज्य विमा) ०.७५ टक्के, वरच्या रुपयात धरून ११३. व्यवसाय कर २००. हातात पडतात १२,८८७ रुपये. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० असल्याने शंभर आणखी कमी. मुलाने घरी पंधरा सांगितलेले असतात, खोलीचे भाडे पंधराच्या हिशोबाने ठरवलेले असते. एकवीसशे रुपये मालकाने खाल्ले असेच त्याला वाटते. (२५ हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलांना महाराष्ट्रात व्यवसाय कर नाही. मुलींचाही सरसकट कापला जात असेल तर तपासा.)

म्हणून जाहिरातीत आणि तोंडी दोन्ही आकडे सांगा, हातात येणारा आधी. कामावर घेतानाच एका कागदावर वरची वजाबाकी मांडून द्या. तुम्ही स्वतः त्याच्या निधीत आणखी १२ टक्के आणि ईएसआयमध्ये ३.२५ टक्के भरता, तेही लिहा. ते त्याला कुणी सांगितलेले नसते. यूएएन (निधीच्या खात्याचा) क्रमांक चालू झाला की त्याच्याच मोबाइलवर पासबुक उघडून दाखवा. कापलेले १,८०० रुपये तिथे दिसले की संशय फिटतो. पहिल्या पंधरा दिवसांचा पगार ‘दाबून’ ठेवायची पद्धत तुमच्याकडे असेल तर ती बंद करा. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत व्हायलाच हवा.

प्रश्न : शिकवून तयार केले की मुले शेजारच्या कारखान्यात जातात. मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेऊन दोन वर्षांचा बाँड (नोकरी न सोडण्याचा लेखी करार) करावा का?

उत्तर : प्रमाणपत्रे मुळीच ठेवू नका. मूळ प्रत पाहा, झेरॉक्सवर ‘मूळ प्रत पाहिली’ लिहून सही करा आणि त्याच दिवशी परत द्या. प्रमाणपत्र अडकले म्हणून थांबलेला माणूस मशीनवर मन लावून काम करील, अशी आशा ठेवू नये.

बाँडचे वेगळे आहे. ‘सोडल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे जायचे नाही’ ही अट १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ पुढे टिकत नाही. ठरावीक काळ नोकरी करण्याची किंवा भरपाई देण्याची अट मात्र वाजवी असेल तर चालते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सार्वजनिक बँकेच्या प्रकरणात अशी अट वैध मानली. वाजवी म्हणजे खरा खर्च. बाहेरच्या प्रशिक्षणाला २४,००० रुपये लागले असतील तर पावत्या जोडा आणि दर महिन्याला २,००० कमी होत वर्षात रक्कम शून्य होईल असे लिहा. झाडू मारायला शिकवल्याचा बाँड करू नका.

प्रश्न : आमचा सुपरवायझर ९ वर्षे ७ महिन्यांनी राजीनामा देतोय. शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता १९,५००, एकूण पगार २६,०००. कारखान्यात सोळा जण आहेत. ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांवर मिळणारी रक्कम) किती?

उत्तर : महिन्याचे कामाचे दिवस २६ धरतात. १९,५०० भागिले २६, म्हणजे ७५० रुपये रोज. त्याचे पंधरा दिवस ११,२५०. सहा महिन्यांवरचा काळ पूर्ण वर्ष धरतात, म्हणून दहा वर्षे : १,१२,५०० रुपये. चूक होते ती ३० ने भागण्यात आणि सात महिने सोडून देण्यात. रक्कम तीस दिवसांच्या आत द्यायची असते. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनात मिळवावा लागतो. तुमच्याकडे ते पाव भागच आहेत, तेव्हा आकडा बदलत नाही. राहिलेला पगार मात्र ग्रॅच्युइटीची वाट न पाहता, नोकरी संपल्यापासून कामाच्या दोन दिवसांत द्या.

प्रश्न : दहा मिनिटे उशीर झाला की आम्ही अर्धा दिवस कापतो. तरी शिस्त नाही.

उत्तर : १६,६४० पगाराच्या माणसाचा रोज २६ दिवसांनी ६४० आणि तास ८० रुपये होतो. दहा मिनिटांचे तेरा रुपये. तुम्ही ३२० कापता, म्हणजे चोवीस पट. गैरहजेरीची कपात गैरहजर वेळेच्या प्रमाणातच करता येते, तेव्हा ही कपात कायद्यात बसत नाही. शिवाय अर्धा दिवस गेलाच आहे म्हटल्यावर माणूस सावकाश चहा पिऊन दुपारी येतो, आणि अर्धा दिवस मशीन बंद राहते.

आधी महिन्याभराचा मस्टर (हजेरीपट) काढून उशिराचे वार आणि नावे मांडा. एकाच गावाहून येणारे चौघे रोज आठ वाजून दहा मिनिटांनी पोचत असतील तर ती एसटीची वेळ आहे. त्यांची पाळी सरळ पंधरा मिनिटे पुढे सरकवा : सव्वा आठला सुरू करा आणि पंधरा मिनिटे उशिरा सोडा. उरलेल्या एक-दोघांना लेखी समज द्या, तारखांसह, आणि पोच घ्या.

हजेरी बक्षीस द्यायचे तर महिन्याचे ५०० एकरकमी ठेवू नका. तीन तारखेला एक खाडा पडला की पुढचे सत्तावीस दिवस त्या माणसाला त्या बक्षिसाशी देणेघेणे उरत नाही. आठवड्याला १२५ ठेवा. सोमवारी हिशोब पुन्हा शून्यापासून.