स्कॅन आयटीचा, खोळंबा लाइनचा

प्रश्न: आमचा कारखाना अंधेरी एमआयडीसीत आहे. हेड ऑफिसच्या आयटी टीमने नेटवर्क स्कॅन चालवला आणि दोन पीएलसींचा (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचा) एचएमआयशी, म्हणजे ऑपरेटरच्या स्क्रीनशी, संपर्क तुटला. ते म्हणतात, स्कॅनने काही बिघडत नाही. आमचे लोक म्हणतात, आमच्या नेटवर्कला हातच लावू नका. मार्ग काय?
– मेंटेनन्स इंजिनिअर, अंधेरी

उत्तर: ऑफिसच्या कॉम्प्युटरला स्कॅनने खरंच काही होत नाही. जुन्या पीएलसीच्या इथरनेट कार्डाला मात्र एका वेळी मोजकीच कनेक्शन झेपतात. स्कॅनर १०२, ५०२ अशी पीएलसीशी बोलायची पोर्ट भराभर उघडतो, अर्धवट सोडतो. जागा अडतात आणि एचएमआय बाहेर राहतो. कधी कार्डच हँग होतं.

म्हणून नेटवर्कवर काय काय जोडलंय याची यादी हवी असेल तर मॅनेज्ड स्विचवर मिरर पोर्ट (जिथे सगळ्या ट्रॅफिकची प्रत मिळते) लावून नुसतं ऐकावं. बराच तपशील तेवढ्यात मिळतो. उरलेला स्कॅन गणपती किंवा दिवाळीच्या शटडाउनमध्ये, एकेका पॅनलचा, ऑटोमेशनचा माणूस समोर उभा असताना.

मग दोघांनी मिळून एक एक्सेल भरा, आणि ती मीटिंग रूममध्ये नव्हे, लाइनवर फिरून. पॅनल नंबर, आयपी, फर्मवेअर, हे बंद पडलं तर कोणतं मशीन थांबतं, किती मिनिटं बंद राहिलेलं चालेल, फोन कुणाला, प्रोग्रामचा बॅकअप कुठे. आमच्या मते ‘किती मिनिटं’ हा रकाना सगळ्यात कामाचा. तिथे शून्य दिसलं की त्या मशीनचा पीसी दुपारी रीस्टार्ट करायला आयटीवाला धजणार नाही. बॅकअपच्या रकान्यात बहुधा ‘व्हेंडरच्या लॅपटॉपवर’ असं निघेल. ते आधी निस्तरा.

तुमच्या बाजूनेही काही लपवू नका. पॅनलमधला फोर-जी राउटर, व्हेंडरने टाकून ठेवलेलं रिमोट सॉफ्टवेअर, विंडोज ७ वरचा स्काडा पीसी, म्हणजे प्लांटवर नजर ठेवणारा कॉम्प्युटर (विंडोज ७ चा सर्वसाधारण सपोर्ट जानेवारी २०२० मध्येच संपला) सगळं यादीत यायला हवं. आयटीचा संशय इथूनच सुरू होतो, आणि तो रास्त आहे. पॅच मात्र स्काडा कंपनीने मान्य केलेलेच टाकायचे, ऑटो-रीस्टार्ट बंद ठेवून. ऑफिस आणि प्लांटच्या मध्ये फायरवॉल; रिपोर्टसाठी लागणारा डेटा मधल्या सर्व्हरवरून, थेट पीएलसीतून नाही.

शेवटचं, फोनचं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवावी लागते. रात्रपाळीच्या ऑपरेटरला स्क्रीनवर खंडणीचा मेसेज दिसला आणि त्याने सकाळची वाट पाहिली, तर ते तास तिथेच संपतात. आयटीच्या ऑन-कॉल माणसाचा नंबर कंट्रोल रूममध्ये चिकटवा. शिफ्ट इन्चार्जचा आयटीकडे द्या.