मित्राची कथा नाकारायची कशी?

प्रश्न : आम्ही काही चित्रकार मिळून कॉमिक्सचा संग्रह काढतोय. संपादन माझ्याकडे आलंय. पूर्ण झालेल्या कथा हातात आल्या आहेत, त्यातल्या काही जमलेल्याच नाहीत, आणि त्या काढणारे माझे जवळचे मित्र आहेत. नकार दिला तर गट फुटेल. सगळ्यांना घेतलं तर पुस्तक कच्चं राहील. काय करू?

उत्तर : ‘पूर्ण झालेल्या’ या शब्दापाशीच तुमची अडचण आहे. शाई, रंग, अक्षरं सगळं होऊन पानं आली की त्यांच्यावर बोलायला जागा उरत नाही. घ्यायचं की नाही, एवढंच उरतं. मी पूर्ण पानं कधी मागवत नाही. आधी चार ओळींत गोष्ट, मग थंबनेल : आगपेटीएवढ्या चौकोनात एकेक पान, माणसं नुसत्या काड्यांची, पण संवाद मात्र शेवटचे समजून लिहिलेले. या टप्प्यावर एखादी चौकट काढायची तर खोडरबर पुरतो.

ही थंबनेलं मी एकटी वाचत नाही. सगळे एकत्र बसतात आणि ज्याचं पान त्यानं गप्प राहायचं, हा आमचा एकच कडक नियम. शेजारी बसलेला पान बघत गोष्ट मोठ्यानं सांगतो : ‘ही दार उघडते, आत कुणीतरी बसलंय… थांबा, हा कोण?’ तो अडखळला की मला काही बोलावं लागत नाही. अडखळायची ठिकाणंही ठरलेली असतात. संवादांच्या फुग्यांचा क्रम उलटसुलट लागतो, किंवा टोपी काढली की दोन पात्रं एकसारखी दिसतात. आणि धक्क्याची चौकट बहुतेक जण उजव्या पानावर ठेवतात, तर ती हवी डाव्या पानावर, पान उलटल्याशिवाय दिसणार नाही अशी. समोरच असली की डोळा आधी तिथं जाऊन येतो. म्हणून प्रत्येक कथा सम म्हणजे डाव्या पानावर सुरू होणार की विषम म्हणजे उजव्या, हे चित्रकाराला थंबनेलच्या आधी कळवा, आणि एकेक पानाच्या दोन-तीन कथा हाताशी ठेवा. क्रम एका पानानं सरकला तर त्याच वाचवतात.

इतकं करूनही काही कथा उरतातच. ‘चला, तीन पानं वाढवू’ म्हणून सुटका होत नाही, कारण छपाई १६ पानी फर्म्यांत, म्हणजे एका मोठ्या कागदावर १६ पानं अशी, असेल तर पानं ४८ नाहीतर ६४. नकार तुम्हीच द्या, एकट्याला भेटून, नेमक्या चौकटीवर बोट ठेवून. ‘विषयात बसत नाही’ ही सबब खरी असेल तरच सांगा. त्याबदल्यात मुखपृष्ठाचं किंवा प्रस्तावनेचं काम देऊन समजूत घालू नका, ते त्यालाही कळतं. मात्र पुढच्या बैठकीचं बोलावणं त्याच दिवशी द्या. दुसऱ्याची पानं नीट वाचणारा माणूस गटाला हवाच असतो, त्याची स्वतःची कथा छापून येवो न येवो.

आणि संपादकाची जागा फिरती ठेवा. १९७२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेल्या ‘विमेन्स कॉमिक्स’ या बायकांनी काढलेल्या कॉमिक्सच्या नियतकालिकात चित्रकर्ती आळीपाळीनं अंकाचं संपादन करत, ते १९९२ पर्यंत चाललं. निवड करताना काय वाटतं ते ज्यानं स्वतः अनुभवलंय, तो नकार वेगळ्या कानांनी ऐकतो. पुढच्या संग्रहाचा संपादक आत्ताच ठरवा आणि या वेळी त्याला शेजारी बसवा.

प्रश्न : संग्रहासाठी मानधन द्यायला पैसे नाहीत. तरी लोकांकडे कथा मागाव्यात का?

उत्तर : मागा, पण तसं पहिल्याच पत्रात लिहा. कथेचे आणि पात्रांचे हक्क चित्रकाराकडेच राहतील, आम्हाला फक्त या संग्रहात पहिल्यांदा छापायची परवानगी हवी, ठरावीक मुदतीनंतर तुम्ही ती कुठंही छापा, इतक्या प्रती मोफत मिळतील, खर्च निघून पैसे उरले तर पानांच्या हिशेबानं वाटू : हे सगळं एका कागदावर मावतं. त्यावर दोघांच्या सह्या झाल्याशिवाय कुणाला शाईला हात लावायला सांगू नका, मैत्री कितीही जुनी असली तरी.