साहसी, धाडसी आणि एक शाळासोबती

शाळेतील मित्राच्या स्मरणार्थ लिहिलेल्या लेखात त्याला 'धाडसी' म्हणावे की 'साहसी', असा प्रश्न एका वाचकांनी मसुद्यासह पाठवला आहे. हा मित्र तेविसाव्या वर्षी काविळीने गेला. 'साहस हा मुळात दुर्गुणवाचक शब्द आहे, गेलेल्या माणसाविषयी तो वापरू नये', असे एका संस्कृतज्ञ शिक्षकांनी त्यांना बजावले, तर स्मरणिकेच्या संपादकांनी 'साहस जिवावर बेतले' असे शीर्षक सुचवले. काविळीने गेलेल्या मुलाचे कोणते साहस जिवावर बेतले, हे संपादकांनाच ठाऊक! गडावर कोणाचा पाय घसरला की वृत्तपत्रे हे तीन शब्द छापून मोकळी होतात, आणि आता तरुणपणी आलेल्या कोणत्याही मृत्यूला ते चिकटवण्याची खोड लागलेली दिसते.

'धाडसी' कोणालाही कळतो, त्यावर शाई घालवत नाही. 'साहस' मात्र 'सह्' धातूच्या कुळातला, आणि या धातूला सोसणे व पुरून उरणे हे दोन्ही अर्थ आहेत. 'सहस्' म्हणजे बळ; त्याची तृतीया 'सहसा', म्हणजे बळाने, आणि त्यावरून एकाएकी, अविचाराने. मराठीत हाच तापट शब्द 'तो सहसा चुकत नाही' अशा वाक्यांत किती निवांत होऊन बसला आहे, ते पाहावे.

आता शिक्षकांच्या आक्षेपाकडे वळतो. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात 'स्यात् साहसं त्वन्वयवत् प्रसभं कर्म यत्कृतम्' अशी व्याख्या आहे, आणि 250, 500 व 1000 पणांच्या (पण म्हणजे त्या काळचे नाणे) दंडांना तेथे अनुक्रमे प्रथम, मध्यम व उत्तम साहस म्हटले आहे. म्हणजे साहस हा गुन्हा होता, हे खरे. परंतु हे शिक्षक 'प्रसभ', म्हणजे बळजोरीने, एवढाच शब्द वाचून थांबले; त्याच्या अलीकडचा 'अन्वयवत्' त्यांनी ओलांडला. मनुस्मृतीचे भाष्यकार त्याचा अर्थ 'मालकाच्या समक्ष' असा देतात. तेच कृत्य मालकाच्या पाठीमागे केले तर ती चोरी, आणि त्याच्या डोळ्यांदेखत केले तर ते साहस! माझ्या मते या शब्दाचा प्राण बळात नसून या समक्षतेत आहे, आणि गुन्ह्याचा अर्थ गळून पडल्यावरही तो टिकला, म्हणूनच विक्रमादित्याला 'साहसांक', म्हणजे साहस हीच ज्याची खूण, हे बिरुद शोभले. आपट्यांच्या 1890 च्या संस्कृत-इंग्रजी कोशात बळजोरी आणि गुन्हा हे अर्थ आधी येतात व धैर्य नंतर येते, यावर शिक्षकांचा मोठा भर आहे. पण कोशातील अर्थांचा क्रम ही गुणपत्रिका नव्हे. मृच्छकटिक या संस्कृत नाटकात शर्विलकाने चोरीसाठी शरीर आणि चारित्र्य दोन्ही पणाला लावल्याबद्दल त्याची प्रेयसी मदनिका त्याला दोष देते, तेव्हा 'साहसे श्रीः प्रतिवसति', म्हणजे साहसात लक्ष्मी वसते, असे तो तिला ऐकवतो. बोलणारा घरफोड्या आहे, तरीही ते वचन सुभाषित म्हणून लोकांच्या तोंडी राहिले. शिक्षकांनी ते वर्गात नक्कीच शिकवले असेल.

आता मसुदा पाहू. शाळेच्या आवारातील पिंपळावर अडकलेला पतंग काढायला हा मुलगा चपला मित्राच्या हाती देऊन चढत असे, आणि मुख्याध्यापक 'कोण चढले होते?' असे विचारण्यापूर्वीच हात पुढे करून उभा राहत असे. हेच ते 'अन्वयवत्'. पुढे जीवधन किल्ल्याशेजारच्या वानरलिंगीच्या सुळक्यावर दोराची प्रत्येक गाठ दोनदा तपासणारा आणि सर्वांना उतरवून शेवटी उतरणारा तरुण मसुद्यात भेटतो; अशा माणसाला 'दुःसाहसी' म्हणणे हा निव्वळ निष्काळजीपणा आहे, आणि तो शब्द मसुद्यात दोनदा आला आहे.

तेव्हा पतंगाच्या प्रसंगात पिंपळावर चढणाऱ्या मुलाला 'धाडसी' म्हणावे, कारण धाडस एका क्षणाचेही असू शकते. छडीसाठी हात पुढे करणाऱ्या मुलाला आणि वानरलिंगीवरच्या तरुणाला मात्र निःशंकपणे 'साहसी' म्हणावे. 'दुःसाहसी' दोन्ही ठिकाणी काढावा. काविळीचा उल्लेख शेवटच्या परिच्छेदातून पहिल्या परिच्छेदात आणावा, म्हणजे संपादकांचे शीर्षक आपोआप बाद होईल.