रस्त्याचं विचारा : आजी आणि मे महिना, यातलं एक निवडा

(मिरज आगारात ३१ वर्षं एसटी चालवून निवृत्त झालेले आमचे ड्रायव्हरकाका वाचकांच्या प्रवासाच्या प्रश्नांना या सदरात उत्तरं देतात.)

प्रश्न : काका, नमस्कार. मे महिन्यात घरच्या गाडीनं ताडोबाला जायचं घाटतंय. मी, हे, सासूबाई (वय ७२, गुडघ्यांचा त्रास), मुलगी १२ वर्षांची, मुलगा ८ वर्षांचा आणि नणंदेचा मुलगा, वय १९, असे सहा जण. ह्यांचं म्हणणं, सांगलीतून रात्री नऊला सुटायचं, भाच्याला नुकतंच लायसन मिळालंय, तर दोघांनी आळीपाळीनं चालवायचं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी जंगलात. सासूबाई म्हणतात, तुळजापूर, माहूर आणि वणी तिन्ही वाटेवरच आहेत, कोल्हापूर तर नेहमीचंच, म्हणजे साडेतीन शक्तिपीठं पुरी होतील. नकाशात वणी दिसतंय खरं. मुलांना फक्त वाघ हवाय. गाडी एर्टिगा, सीएनजी. किती दिवस धरू, किती सफारी घेऊ आणि तयारी कुठून सुरू करू?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात गाडी आली, देवी आल्या, वाघही आला. सफारीची तारीख तेवढी राहिली. तयारी तिथूनच सुरू करायची.

ताडोबात आपली गाडी घेऊन हिंडता येत नाही. वनखात्याकडं नोंदलेली जिप्सी घ्यायची. तिच्यात तुम्ही सहा जण, शिवाय ड्रायव्हर आणि गाईड. म्हणजे एक जिप्सी पुरी तुमचीच, परक्या माणसाबरोबर खिडकीवरून भांडण नाही (खिडकी नसतेच म्हणा). बुकिंग वनखात्याच्या अधिकृत संकेतस्थळावर होतं. कुणी ‘माझी आत ओळख आहे, पैसे पाठवा’ म्हणालं तर फोन ठेवून द्या. बुकिंगला प्रत्येकाचं नाव आणि ओळखपत्राचा नंबर लागतो, आणि गेटवर तेच मूळ कार्ड दाखवावं लागतं. सासूबाईंचं आधार कार्ड आत्ताच काढून बघा. आमच्या आईच्या एका कागदावर माहेरचं नाव होतं, एका कागदावर सासरचं, आणि मी ते तिकीट काढल्यावर बघितलं.

बुकिंग गेटनुसार असतं, इथं पुष्कळ जण फसतात. १९५५ साली झालेलं ताडोबा हे महाराष्ट्रातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. उद्यान तसं ११६ चौरस किलोमीटरचंच, पण भोवतीचं अंधारी अभयारण्य धरून व्याघ्र प्रकल्पाचा कोअर, म्हणजे आतला मुख्य भाग ६२५ चौरस किलोमीटरच्या घरात जातो, आणि त्याला मोहर्ली, खुटवंडा, नवेगाव, कोलारा, पांगडी, झरी अशी दारं आहेत. एका दाराचं बुकिंग दुसऱ्या दारावर चालत नाही, आणि बाहेरून वळसा घालायचा म्हणजे पहाटेची सफारी गेलीच. कोलाऱ्याची सफारी काढून मुक्काम मोहर्लीला ठेवणारी माणसं मी बघितली आहेत. तुम्ही आपल्या बाजूनं येणार, चंद्रपूरही बघणार, तर दोन्ही मोहर्लीला ठेवा. आधी सफारी, मग खोली. उलटं करू नका.

आणि मंगळवार. मंगळवारी कोअर बंद असतो. निवृत्तीनंतर मी काही वर्षं टुरिस्ट गाडी चालवायचो, तेव्हा एका कुटुंबाला घेऊन मोठ्या हौसेनं सोमवारी रात्री पोचलो. परतीचा प्रवास बुधवारी सकाळी ठरलेला. तुम्हीच समजा. त्या घरच्या बाईंनी मला परतीच्या वाटेवर सोलापूर येईपर्यंत चहा विचारला नाही. तारखा त्यांच्या मालकांनी ठरवलेल्या, पण चहा माझा बंद.

आता महिना. मे महिन्यात पाणवठे आटतात, उरलेल्या पाण्यावर जनावर येतं, झाडोराही विरळ झालेला असतो. वाघ दिसायला तो काळ चांगला, यात वाद नाही. पण चंद्रपूरचा पारा मेमध्ये ४५च्या वर जातो, आणि जिप्सीला ना टप ना एसी. दुपारच्या सफारीला बसलं की अंगावर भट्टीचा वारा येतो. आपल्याकडची ४० अंशांची सांगली त्यापुढं महाबळेश्वर. ७२ वर्षांच्या माणसाला तिथं नेणं मला पटत नाही. आजी आणि मे, यातलं एक निवडा. मुलांना वाघाशिवाय दुसरं काही नकोच असेल तर आजींना नणंदेकडं ठेवून मेमध्ये जा. सगळ्यांनी मिळून जायचं असेल तर दिवाळीच्या सुट्टीतला शेवटचा आठवडा धरा. पावसाळ्यात बंद असलेला कोअर १ ऑक्टोबरला उघडतो, रान हिरवंगार आणि दाट असतं, त्यामुळं वाघ कमी दिसतो, पण माणसं धडधाकट परत येतात. दिवाळीच्या तारखा भराभर भरतात, म्हणून बुकिंग खुलं झालं की त्याच दिवशी बसा. पहाटे उघड्या जिप्सीत गारठा लागतो, कानटोपी घ्या. मी दिवाळी धरूनच पुढचं लिहितो.

दाजींना सांगा, रात्रीचं नाही. सांगलीहून चंद्रपूर सातशे किलोमीटरच्या वर आहे. मी एसटीत रात्रपाळ्या काढल्या आहेत, त्याची सवय वेगळी आणि त्याआधीची झोपही वेगळी. तरीसुद्धा एकदा असंच गिऱ्हाईकाच्या आग्रहाखातर रात्रभर चालवत होतो. अहमदपूरच्या अलीकडं, पहाटे चारच्या सुमारास, डाव्या चाकाखाली खडी वाजली तेव्हा मला जाग आली. जाग आली म्हणजे त्याआधी मी झोपलो होतो! मागं सहा माणसं घोरत होती. गाडी कडेला घेतली, तोंडावर पाणी मारलं, उजाडेपर्यंत तिथंच बसलो. कुणाला काही बोललो नाही, आज पहिल्यांदा लिहितोय. नुकतं लायसन मिळालेल्या पोराला अशा वेळी स्टिअरिंग द्यायचं आणि आपण मागं टेकायचं, हे मी ऐकलं नाही असं समजतो. त्याला दिवसा, मोकळ्या रस्त्यावर, दाजी शेजारी जागे असताना तासभर द्या.

तेव्हा शनिवारी पहाटे पाचला निघा. मिरजेतून सोलापूरच्या रस्त्याला लागलात की पहिला तासभर जपून. दिवाळीनंतर आपल्याकडं ऊस सुरू झालेला असतो. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, वर ऊस असा की मागचा दिवा असला तरी दिसत नाही. अंधारात ओव्हरटेकची घाई करू नका. सांगोला, मंगळवेढा करत साडेनऊपर्यंत सोलापूर, तिथून तासाभरात तुळजापूर. मंगळवार, शुक्रवार, रविवार सोडून शनिवार ठेवलाय तो देवीच्या गर्दीसाठीच. तिथं पायऱ्या उतराव्या लागतात, आजींना वेळ लागू द्या. मग औसा, लातूर, अहमदपूर, लोहा करत संध्याकाळी नांदेड. मुक्काम तिथं. गुरुगोविंदसिंगांनी १७०८ साली जिथं देह ठेवला तो सचखंड गुरुद्वारा बघा, लंगरमध्ये जेवा. मुलांना डोकं झाकायला रुमाल द्या.

रविवारी नांदेडहून अर्धापूर, हदगाव. पैनगंगा ओलांडली की विदर्भ. उमरखेड, आर्णी, यवतमाळ, करंजी आणि मग वणी. इथं आजींची समजूत तुम्हालाच काढावी लागणार. ही वणी ती नव्हे. सप्तशृंगीची वणी नाशिक जिल्ह्यात, ही यवतमाळ जिल्ह्यातली, हिच्या आसपास कोळशाच्या खाणी. नारळ घेऊन उतरलात तर समोर कोळशाचे ट्रक दिसतील. माहूर खरोखरच जवळ आहे, पण आर्णीकडून आत वळावं लागतं, गडावर पायऱ्या, आणि मग मोहर्लीला पोचायला रात्र होते. शेवटचा रस्ता जंगलातला आहे, तिथं अंधारात जायचं नाही. रेणुकामातेला परतीच्या वाटेवर एक दिवस वाढवून भेटा. आजी रुसल्या तर त्यांना सांगा, चंद्रपूरला महाकालीचं देऊळ आहे, चैत्रात मराठवाड्यातून तिथं माणसांची रीघ लागते. तेवढ्यावर माझी आई तरी राजी झाली होती.

वणीहून वरोरा. वेळ असेल तर बाबा आमट्यांनी १९४९ साली उभं केलेलं आनंदवन तिथंच आहे. मग भद्रावतीवरून मोहर्ली, उजेड असेपर्यंत.

सोमवारी सकाळी कोअरची सफारी सगळ्यांनी. दुपारी बफरची (म्हणजे कोअरभोवतीच्या पट्ट्यातली) फक्त पोरांनी आणि दाजींनी, तुम्ही आणि आजी झोपा. शनिवार-रविवारपेक्षा मधल्या वारी शुल्क कमी पडतं, हाही फायदा. मंगळवारी कोअर बंद, तो दिवस चंद्रपूरला: महाकाली, गोंड राजांचा परकोट आणि आजींच्या पाठीला आराम. बुधवारी सकाळी दुसरी कोअर सफारी, जेवून निघा, यवतमाळला मुक्काम. गुरुवारी तिथून सांगली पाचशेच्या वर होते, माझ्या हिशोबानं जास्तच. माहूर करून नांदेडला थांबलात तर शुक्रवारी घरी, आणि मी तेच करीन. तीन सफारी पुष्कळ झाल्या. पाच-सहा घेणारी माणसं शेवटच्या दिवशी जिप्सीत डुलक्या काढतात.

आजींना जिप्सीत पुढच्या बाकावर बसवा, मागचा बाक चाकावर येतो, तिथं दणके जास्त. चढायला पायरी उंच आहे, एखादं छोटं स्टूल बरोबर न्या. चार तास मनाला येईल तिथं उतरता येत नाही, म्हणून पहाटेचा चहा अर्धा कपच द्या. मोबाईल आत नेऊ देत नाहीत. १९ वर्षांच्या भाच्याला हे घरीच सांगून ठेवा, गेटवर सांगितलंत तर तो वाघापेक्षा जास्त चवताळेल.

एर्टिगाबद्दल दोन शब्द. सीएनजीची टाकी डिकी खाऊन टाकते आणि मागची सीट तुम्हाला माणसांसाठी हवी. म्हणजे सामान टपावर, कॅरिअर लावून, वर ताडपत्री. नाहीतर माणशी एकच सॅक. लातूरच्या पुढं सीएनजीचा भरवसा धरू नका, पेट्रोलचाच हिशोब करा. जाऊन-येऊन आणि तिथलं हिंडणं मिळून सोळाशे किलोमीटर, भरल्या गाडीला शंभर लिटर पेट्रोल लागेल. हवा निघायच्या पहाटे, टायर गार असताना भरा. भरल्या गाडीची हवा वेगळी असते, ती ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेली आहे. आणि स्टेपनीतली हवा बघा. ती कुणी बघत नाही.

वाघाचं शेवटी. मी आजवर नऊ सफाऱ्या केल्या, चारदा वाघ दिसला. त्यातही एकदा नुसती शेपटी, ती सुद्धा गाईड म्हणाला म्हणून. पण पहाटे चितळाचा कॉल, म्हणजे धोक्याची हाक येते, गाईड हात वर करतो, ड्रायव्हर इंजिन बंद करतो आणि सगळी जिप्सी श्वास रोखून बसते, ते आठ वर्षांच्या पोरालाही कळतं. गाईडला पहिल्याच पाच मिनिटांत सांगा, आम्हाला अस्वल, रानकुत्री, गवे, तलावातल्या मगरी काहीही चालेल. मग तो उगाच वाघामागं गाडी पळवत नाही.

अजून एक करा. दिवाळीच्या आधी नाही, पण पुढच्या एखाद्या रविवारी, पाऊस संपून पार्क उघडलं की मुलांना चांदोलीला न्या. ईश्वरपूर, शिराळा, कोकरूड, आरळा करत मणदूर, सकाळी निघून रात्री घरी. २००४ साली झालेलं राष्ट्रीय उद्यान आपल्या जिल्ह्यात आहे आणि आपण सातशे किलोमीटरची तयारी करतो. तिथं वाघ दिसेल ही आशा ठेवू नका, पण गवा दिसेल आणि वारणेचा वसंतसागर जलाशय तर दिसेलच. नोव्हेंबर २०२५मध्ये ताडोब्यातलीच एक वाघीण पिंजऱ्यातून या चांदोलीत आणून सोडली. तीही आली रस्त्यानंच, तुमच्या उलट्या दिशेनं. दाजींना तेवढं विचारा, तिच्या गाडीचं स्टिअरिंग कुणी शिकाऊ पोराच्या हातात दिलं असेल का?

बुकिंग झालं की तारीख कळवा. भडंग आणि तासगावचे बेदाणे गाडीत असू द्या, जिप्सीत खायचं काही नेऊ नका.