नदीकाठच्या वस्तीत काम सुरू करण्यापूर्वी

तुम्ही आपत्ती व्यवस्थापनाच्या कामात नव्याने येत आहात, म्हणून आधी एवढेच सांगतो की नैसर्गिक आणि मानवनिर्मित ही विभागणी कागदावर जितकी स्पष्ट दिसते, तितकी ती प्रत्यक्षात नसते. १२ जुलै १९६१ रोजी पुण्याजवळचे पानशेत धरण फुटले तेव्हा पाऊस मुसळधार होताच, पण धरणाचे कामही अपुरे होते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यातल्या आंबिल ओढ्याच्या पुराने माणसे आणि घरे वाहून नेली, त्यामागेही पावसाइतकीच अरुंद झालेल्या पात्राची कारणे होती.

म्हणून नकाशा उघडण्यापूर्वी ओढा पायी चाला. भिंतीवर राहिलेली गाळाची रेघ कुठवर आहे, ते तिथल्या आजींना विचारा. त्या बोट ठेवून दाखवतील आणि ती रेघ बहुधा तुमच्या खांद्याच्या वर असेल.

खडकवासला धरणातून किती क्युसेक (सेकंदाला घनफूट) विसर्ग सुरू आहे, हा आकडा जाहीर होतो, परंतु मुठेकाठी राहणाऱ्या कुटुंबाला त्यावरून आपल्या उंबऱ्यापर्यंत पाणी येईल की नाही, हे कळत नाही. नदीपात्रातला कमी उंचीचा भिडे पूल पाण्याखाली गेला, हे मात्र सगळ्यांना समजते. तशाच खुणा प्रत्येक गल्लीसाठी ठरवा आणि पावसाळ्यापूर्वी रहिवाशांसोबत एकदा तरी रात्री सराव करा, कारण दिवसा सोपी वाटणारी वाट अंधारात, वीज गेल्यावर, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला उचलून चालताना सापडत नाही. रेशनकार्ड आणि औषधे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दाराजवळ टांगायला सांगा.